बोरिंग : जून २०२४ ते जानेवारी २०२५ च्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

मृग लागून दोन दिवस झाले. ढग येतात, गरजतात आणि तेलंगणाकडे निघून जातात. सरकी घरात आणून ठेवली आहे. बाबा दर तासाला अंगणात जाऊन वर बघतात. टोबणी होत नाही तोवर मला वेळ आहे, म्हणून ही वही.

आधी कुठून आलो ते लिहून ठेवतो. पुण्यात आठ वर्षं नोकरी केली. दुसऱ्यांचे पैसे इकडून तिकडे नेणारा कोड लिहिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर चिडून भारतातली बरीच मंडळी मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणारं) गेली, त्या लोंढ्यात मीही गेलो. काही महिन्यांत लोंढा ओसरला, मी तिथेच राहिलो. मला लिहिण्यात फारसा रस नव्हता, हे चालतं कसं याचं कुतूहल होतं. एकाच्या सर्व्हरवर खातं असलेला माणूस दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलतो, दोघांचा मालक वेगळा, तरी बोलणं होतं. २०२० मध्ये लॉकडाऊनला गावी आलो आणि परत गेलोच नाही. आता अर्धा दिवस पुण्याचं काम, उरलेल्या वेळात वावर आणि हे.

यामागचा करार म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी तो शिफारस म्हणून जाहीर केला. कागदावर साधा आहे : प्रत्येक खात्याला एक येणारी पेटी, एक जाणारी. मी काही लिहिलं की माझा सर्व्हर माझ्या प्रत्येक वाचकाच्या सर्व्हरकडे जाऊन त्याच्या पेटीत ते टाकून येतो. अख्खं मॅस्टोडॉन आमच्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला झेपलं नसतं, म्हणून गो भाषेत स्वतःचा लहान सर्व्हर लिहिला. खाली माहिती साठवायला एसक्यूलाइट, बस.

एक गंमत मात्र लिहायला हवी. घरी फोर-जीचा राऊटर आहे. त्याला बाहेरून गाठता येईल असा पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे कंपनीने शेकडो घरं कोंबलेली असतात. मग मुंबईत भाड्याचा सर्व्हर घेतला आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (नेटवरून जाणारी खाजगी वाट) काढला. विकेंद्रीकरण करायला बसलो आणि घराचा दरवाजा मुंबईत लावून आलो.

२३ जून, रविवार

पेरणी झाली. पाऊसही झाला, जरा जास्तच. शुक्रवारी संध्याकाळी वादळात तीन खांब आडवे झाले. लाइन गेली ती शनिवारी अकराला आली. इन्व्हर्टरने रात्री आठपर्यंत दम धरला होता.

लाइन आल्यावर पाहतो तर बाहेर पाठवायचे साठलेले ४३ निरोप सगळीकडून ४०१ घेऊन परतलेले. म्हणजे समोरच्या सर्व्हरने सही नाकारली (निरोप माझाच आहे हे पटवणारी, माझ्या गुप्त किल्लीने केलेली खूण). किल्ली तीच होती, कोडही तोच. दीड तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की पायमध्ये घड्याळाचा सेलच नाही. बंद पडताना वाजलेली वेळ तो लक्षात ठेवतो आणि उठल्यावर तिथूनच मोजायला लागतो. त्याच्या लेखी अजून शुक्रवारचे रात्रीचे आठच होते. सहीत तारीख-वेळ असते आणि मॅस्टोडॉन १२ तासांपेक्षा जुनी सही घेत नाही. नेटवरून वेळ दुरुस्त व्हायला अर्धं मिनिट लागलं, तेवढ्यात माझ्या रांगेने सगळे निरोप शिळी तारीख टाकून धाडून दिले होते. वर माझाच शहाणपणा असा की ४०१ आलं की निरोप कायमचा बाद. ४३ गेले.

उपाय : डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मोड्यूल लावलं, बटणासारख्या सेलवर चालतं. आणि वेळ जुळल्याशिवाय रांग हलणार नाही असा कोड.

११ जुलै, गुरुवार

माझ्या सर्व्हरवर गावातल्या लोकांनाही खाती दिली, २६ झाली. बाहेरच्या जगाशी कुणाला देणंघेणं नाही. ट्रॅक्टर कोणाचा रिकामा आहे, दूधवाला येणार की नाही, कोणाची माती किती वाजता, हे चालतं. चालू द्यावं म्हटलं.

काल एकाने लिहिलं की शेजाऱ्याने नांगरटीत धुरा (दोन वावरांमधला बांध) दोन फूट खाल्ला. फोटोसकट. रात्री साडेनऊला शेजारी दारात.

"तुह्या घरच्या डब्यात आहे ना ते?"

"हाव."

"मंग काढ."

मी काढलं. वाटलं, भांडण वाढायला नको. आज सकाळी ज्याने लिहिलं होतं त्याचे वडील पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "समजलं बाप्पा, तू कोणाकडचा आहे ते."

धुरा कोणी खाल्ला हे भूमी अभिलेखचा मोजणीवाला मोजेल. माझ्यापुढे दुसरीच गोष्ट उभी राहिली. कराराप्रमाणे मी विकेंद्रित आहे, मुंबई-बर्लिनच्या सर्व्हरांच्या बरोबरीचा. गावात मात्र एकच डबा आहे आणि तो माझ्या घरात, आमच्या देवळीत, बाबांच्या औषधांशेजारी. काय राहील आणि काय जाईल ते मी ठरवतो. पूर्वी पाटलाच्या वाड्यावर जावं लागायचं तसं लोक आता आमच्या ओट्यावर येणार. हे मला नको आहे. मला ते झेपणारही नाही.

२८ जुलै, रविवार

पंधरा दिवस वाचन. वावरात डवरे चालू, मी मोबाईलवर कागद उघडून बांधावर.

स्कटलबट नावाचा एक करार आहे. डॉमिनिक टार याने तो सुरू केला, न्यूझीलंडमध्ये शिडाच्या होडीवर राहणारा माणूस. समुद्रात नेट नसतं, म्हणून सर्व्हरच नको. प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःची एक वही. वहीत फक्त शेवटी लिहिता येतं, मधलं पान फाडता येत नाही, कारण प्रत्येक निरोपात आधीच्या निरोपाचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) असतो आणि खाली लिहिणाऱ्याची सही. दोन फोन एका वाय-फायवर आले की एकमेकांना विचारतात : माझ्याकडे अमक्याची वही चाळीसाव्या पानापर्यंत आहे, तुझ्याकडे? कमी असेल त्याला उरलेली पानं मिळतात. वही कोणाच्याही हातून आली तरी सही तपासता येते, म्हणून आणणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

स्कटलबट म्हणजे जुन्या जहाजांवरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप. खलाशी पाणी प्यायला जमायचे आणि तिथे गप्पा व्हायच्या, म्हणून तो शब्द गप्पांनाच चिकटला. हे वाचलं आणि याच पद्धतीचं जे ॲप मी लिहिणार त्याचं नाव ठरलं : बोरिंग. आमच्या गावात बातमी बोरिंगवर पिकते. हातपंपाला सगळे बोरिंगच म्हणतात. पुण्याच्या मित्राला सांगितलं तर तो फोनवर पाच मिनिटं हसला. हसू दे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन, जिलेबी, आणि तीन रात्रींच्या जागरणानंतर सापडलेली एक चूक.

स्कटलबटशी जुळवून घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे तयार ॲप वापरणाऱ्यांशीही बोलता येईल. रोमन लिपीतला निरोप बिनबोभाट पुढे जायचा. मराठी अक्षर आलं की त्या निरोपाची सही बरोबर निघायची, पण पुढच्या निरोपात जो हॅश हवा तो जुळायचा नाही. साखळी तिथेच तुटायची. मला वाटलं जोडाक्षरांचं काहीतरी आहे. मग नुसतं 'क' लिहून पाठवलं, तरी तुटली.

शेवटी मूळ जावास्क्रिप्ट ओळीओळीने वाचलं. सही यूटीएफ-८ वर होते (अक्षर पूर्ण साठवणारी नेहमीची पद्धत), तिथे काही भानगड नाही. हॅश काढताना मात्र मजकूर नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) 'बायनरी' पद्धतीने बदलला जातो. ही पद्धत प्रत्येक अक्षराच्या १६ बिटांतले खालचे आठ ठेवते आणि वरचे आठ सरळ फेकून देते. मराठी 'क' चा युनिकोड क्रमांक ०९१५. त्यातलं ०९ गेलं, उरलं १५. तेलुगूच्या 'क' चा ०सी१५, उरलं १५. भारतीय लिप्यांचे तक्ते युनिकोडमध्ये एकाच साच्यात मांडले आहेत, त्यामुळे या हॅशच्या लेखी आमचा क आणि नदीपलीकडच्या आदिलाबादचा क एकच! सही पूर्ण अक्षरांवर असल्यामुळे कोणी मजकुराची अदलाबदल करू शकत नाही, तेवढं ठीक. पण जो रोमनमध्येच लिहितो त्याला ही गोष्ट आयुष्यात दिसणार नाही, कारण त्याची सगळी अक्षरं खालच्या आठ बिटांतच मावतात.

दुरुस्ती एका ओळीची. आता 'क' चालतो, 'ज्ञ' सुद्धा चालतो.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा, आज तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरताहेत. दोन दिवसांच्या पावसाने खालच्या वावरात पाणी उभं आहे, तिकडे बघवत नाही.

चक्कीवर राऊटर लावला. त्यात नेट नाही, नुसतं वाय-फाय. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं थांबावंच लागतं, तेवढ्यात वह्या जुळतात. पारापेक्षा चक्की बरी. पारावर बाया बसत नाहीत, चक्कीवर सगळ्यांना यावं लागतं.

दोन अडचणी आल्या. नेट नसलेलं वाय-फाय दिसलं की अँड्रॉइड आपणहून मोबाईल डेटाकडे पळतो. 'तरीही जोडलेले राहा' हे बटण प्रत्येकाच्या फोनवर हाताने दाबून दिलं. दुसरी, शेजारचा फोन शोधायला माझं ॲप वाय-फायवरच्या सगळ्यांना एकदम हाक मारतं (यूडीपी). ती हाक ऐकायला आधी अँड्रॉइडकडून मल्टिकास्टचं कुलूप, म्हणजे अशा हाका ऐकायची परवानगी, मागून घ्यावं लागतं, नाहीतर बॅटरी वाचवायला फोन कान बंद करून बसतो. दोन फोन शेजारी ठेवून दोन तास मी त्यांच्याकडे बघत होतो, दोघेही हाका मारत होते आणि ऐकत कोणीच नव्हता.

चक्कीवाले काकाजी : "हे फुकट आहे, मंग विकून काय राहिला तू?"

आणि इथे कोणी टाइप करत नाही, बोलतात. आवाजाची सोय आधी करायला हवी होती. ओपस या आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीत सेकंदाला १६ किलोबिट धरले तर तीस सेकंदांचा निरोप ६० केबीत बसतो.

२२ सप्टेंबर, रविवार

काही नाही. निंदणाला मजूर मिळेना, आम्हीच पराटीत (कापसात).

६ ऑक्टोबर, रविवार

मोठेबाबांचा फोन फवारणीच्या ड्रममध्ये पडला. नवा आणला. माझ्याकडे त्यांच्या किल्लीची आणि वहीची गणपतीच्या सुमाराची प्रत होती, ती मी मोठ्या ऐटीत नव्या फोनवर चढवली. "झालं, मोठेबाबा. जसं होतं तसं."

मोठेबाबा रोज संध्याकाळी पावसाचा अंदाज सांगतात. गाव ऐकतं. चार दिवसांनी ते घरी आले, चप्पल न काढता ओट्याखाली उभे राहिले.

"मले वाळीत टाकलं का बे?"

मी हसलो. ते हसत नव्हते. त्यांनी चार दिवसांत सहा निरोप बोलले होते, एकाच्याही फोनवर पोचला नव्हता. हॉटेलात विचारलं तर सगळे म्हणाले, तुमचं काही आलंच नाही.

झालं होतं असं. त्यांच्या जुन्या वहीची खरी पानं होती ११८, ती गावभर पोचलेली. माझ्या प्रतीत होती १०१. नव्या फोनने पुढचा निरोप १०२ क्रमांकाने लिहिला. गावातल्या प्रत्येक फोनकडे मोठेबाबांच्याच सहीचा दुसराच १०२ आधीपासून होता. एकाच माणसाची, एकाच क्रमांकाची दोन पानं दिसली की करारानुसार ती वही फाटली. त्यापुढचं काहीही कोणी घ्यायचं नाही, कारण कोणतं पान खरं हे ठरवणारा कोणी नाही. ठरवणारा नको म्हणून तर मी इकडे आलो होतो. पाटील नाही, पंच नाही, कोणी ठराव केला नाही, आणि गावातल्या एकूण एक फोनने एका म्हाताऱ्या माणसाशी बोलणं बंद केलं.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. या कोडला तो लावता आला तर पहिला आरोपी मी.

मोठेबाबांना वही फाटल्याचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चूक तुही होती?" हाव म्हटलं. मग ते वर येऊन बसले, चहा झाला.

नवी किल्ली दिली, नवी वही. जुन्या वहीला धरून राहणाऱ्या प्रत्येकाला चक्कीवर गाठून नवी वही धरायला लावलं, एकूण १९ फोन. कोडमध्ये आता असं आहे : प्रत चढवल्यावर लिहिण्याचं बटण बंद. किमान तीन वेगळ्या फोनांना भेटून 'माझी वही तुमच्याकडे कुठवर आहे' हे विचारल्यावरच ते उघडतं. हमखास उपाय नाही हा. चौथ्या फोनकडे जास्त पानं असली तर पुन्हा तेच.

२७ ऑक्टोबर, रविवार

सोयाबीन निघालं. हमीभाव ४,८९२, बाजारात तेवढा कोणी देत नाही, हे लिहायची ही जागा नव्हे.

दूध गोळा करणारा भाऊ रोज पाच गावं फिरतो. त्याच्या फोनमध्ये ॲप टाकलं. आता पाचही गावांच्या वह्या त्याच्या खिशातून फिरतात. कल्पना माझी नाही. वीसेक वर्षांपूर्वी एमआयटीच्या लोकांनी डाकनेट नावाने कर्नाटकात बसवर वाय-फाय बसवून सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या कागदांची ने-आण केली होती. त्यांची बस होती, माझ्याकडे कॅन लटकवलेली मोटरसायकल.

पण मंगळवारी पलीकडच्या गावातून निरोप आला : नाल्याजवळ वाघ दिसला, जागलीला जाऊ नका. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्यामुळे असा निरोप कोणी हलक्यात घेत नाही. आमच्याकडच्या चौघांनी रात्रीची ओलिताची पाळी सोडली. तो निरोप आदल्या संध्याकाळचा होता, दुधासोबत सकाळी निघून चक्कीवर दुपारी उतरला. मी पडद्यावर तो 'आत्ता आला' म्हणून वर दाखवत होतो. बोलला कधी हे बारीक अक्षरात होतं, ते कोण वाचतं? आता उलटं केलं. मोठ्या अक्षरात 'काल संध्याकाळी बोललं', आणि बारा तासांवरचा निरोप वाजवताना आधी वेळ ऐकू येते. बोलणाऱ्याच्या फोनचं घड्याळच चुकलं असेल तर ही वेळही खोटी. जूनमधला माझा पाय आठवला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

२० तारखेला मतदान. एका उमेदवाराचा माणूस गाडी घेऊन आला.

"तुमच्या त्याच्यावर सगळ्यांले एकदम मेसेज टाकता येते का?"

"नाही येत. ज्याची वही ज्याने धरली त्यालेच त्याचं ऐकू येते."

"म्हणजे पाच गावांत एकालेही नाही?"

"तुमची वही कोणी धरली तर येईल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पैसे वाढवून मागतोय. जूनमधला डबा असता तर 'नाही येत' म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि गावात राहून खोटं फार दिवस टिकत नाही. यावेळी ते खरंच होतं, म्हणून मला काही जड गेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

कापूस वेचणी, दुसरा वेचा. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१, ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. रात्री थंडी, बोटं कळफलकावर वळत नाहीत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी आल्या. आधी आईशी बोलल्या, मग माझ्याकडे. रागाच्या भरात घरातलं काहीतरी बोलून बसल्या होत्या, चाळीस सेकंद. "भाऊजी, माह्यं बोलणं मलेच पुसता येत नाही का?"

येत नाही. पान फाडलं की साखळी तुटते, त्यांची वही मोठेबाबांसारखी मरते. हे मी त्यांना सांगितलं आणि सांगताना मला स्वतःचीच चीड आली. दुसऱ्याचं बोलणं पुसायची ताकद मला नको होती, म्हणून मी ती प्रत्येकाकडून काढून घेतली. ज्याचं बोलणं त्याच्याकडूनही.

त्यामुळे वहीचा साचाच बदलतोय. बांबू नावाचा एक साचा आहे. त्यात सही मजकुरावर होत नाही. मजकुराच्या हॅशवर आणि लांबीवर होते. आवाज वेगळा ठेवायचा. तो पुसला तरी पान जागेवर राहतं, सही पटते, साखळी शाबूत. फक्त पानावर काय होतं ते गेलेलं. शिवाय मागे उड्या मारणारे दुवे असतात, त्यामुळे जुनी वही पहिल्या पानापासून नसली तरी तपासता येते. पेरं पेरं जोडलेलं, आतून पोकळ. ज्याने नाव ठेवलं त्याने बांबू नीट पाहिलेला असणार.

किंमत : जुन्या स्कटलबटशी नातं तुटलं. 'क' साठी घालवलेल्या तीन रात्री पाण्यात. ५ तारखेपर्यंत सगळ्या फोनवर नवं ॲप, जुन्या वह्या नव्या साच्यात पुन्हा सही करून.

पुसण्याचा निरोपही वहीतलंच एक पान : 'माझं ३७ वं पान पुसा.' ज्याची वही त्याचीच सही असेल तर फोन ऐकतो. दुसऱ्या कोणाचंही ऐकत नाही, माझंही नाही. धुऱ्याचं भांडण उद्या पुन्हा आलं तर शेजाऱ्याला त्याच्या फोनवर ते लपवता येईल, तेवढंच.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवं ॲप ३१ पैकी २९ फोनवर चढलं. वहिनींनी चक्कीवर उभं राहून स्वतः बटण दाबलं. मी शेजारी होतो, फोन हातात घेतला नाही.

त्यांचा तो निरोप १६ फोनवर गेला होता. संध्याकाळपर्यंत नऊ फोनांवरून आवाज गेला, दूधवाल्या भाऊच्या फेरीनंतर सकाळी चौदा. प्रत्येक फोन पुसल्याची पोच आपल्या वहीत टाकतो, त्यावरून मोजलं. पोच म्हणजे फक्त फोनने सांगितलेलं. कोणी दुसऱ्या मोबाईलवर आवाज भरून ठेवला असेल तर माझ्या कोडला ते कळणार नाही, हे वहिनींना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते त् बोरिंगवरही होते."

राहिलेले दोन फोन तेच, ज्यांच्यावर नवं ॲप नाही. दोघंही नवरा-बायको डिसेंबरातच मिरची तोडायला तेलंगणात गेले. होळीला येतील.